कर कोण भरतो?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला उभं केलं आणि विषयही तुम्हीच निवडा म्हणाले. मी पडलो गिरणीचा माणूस. शिक्षण नववी नापास. पुढचं जे काही झालं ते रात्रशाळेत, वाचनालयात आणि जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा अर्थशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही असे कुणी म्हटले तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण बाजारात पिशवी घेऊन मी जवळजवळ चाळीस वर्षं जातो आहे आणि पगाराची चिठ्ठीही तेवढीच वर्षं वाचतो आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

माझा एक भाचा आहे. न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कंपनीत कामाला आहे. जहाजातून उतरलेल्या मालाचे कागद तयार करतो, कोणत्या मालावर किती ड्युटी बसेल हे पुस्तक न उघडता सांगतो. पोरगा हुशार. ह्याच विहारात रविवारच्या वर्गाला बसून मोठा झाला. 2025 च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दुपारी आमच्याकडे जेवायला होता. बोलता बोलता म्हणाला, "मामा, खरं सांगा, टॅक्स आम्ही भरायचा आणि सवलती लोकांनी खायच्या, हे किती दिवस चालायचं?"

त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, समोर बसली होती. उरणच्या मिठागरात डोक्यावर टोपल्या वाहून तिने त्याला शिकवला. कॉलेजची फी भरली ती शासनाच्या शिष्यवृत्तीने. तिने हातातला घास तसाच ताटात ठेवला. काही बोलली नाही. मीही त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण जेवताना वाद घालायचा नाही हा आमच्या वडिलांचा नियम. ते उत्तर आज देतो. तो मागे तिसऱ्या ओळीत बसलेला आहे.

पहिली गोष्ट. आमची ताई कर भरते की नाही? त्या दिवसानंतर मी आणि आमच्या घरच्या मंडळींनी एक महिना वही घातली. ताईकडे जे जे आलं ते लिहिलं. चहापत्ती, साखर, गोडेतेल, ह्यांवर 5 टक्के जीएसटी. अंगाचा साबण, दात घासायची पेस्ट, बिस्कीट, ह्यांवर 22 सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के होता, त्या दिवसापासून 5 झाला. चांगलं झालं, पण त्याआधी 2017 पासून आठ वर्षं ती काय भरत होती? मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के. तांदूळ सुटा घेतला तर कर नाही, पण तोच छापील पिशवीत घेतला तर जुलै 2022 पासून 5 टक्के. विहारात आपण लावतो त्या अगरबत्तीवरसुद्धा 5 टक्के आहे. रिक्षाने आली तर रिक्षाच्या इंधनावर कर आहेच, तो भाड्यात धरलेला असतो. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा ताई म्हणाली, "अगं बाई, मी एवढी सरकारची देणेकरी होते होय?" मी म्हटलं, ताई, देणेकरी नाही, तू देणारी आहेस.

मीठ तेवढं सुटलं. मिठावर जीएसटी नाही. ह्या मिठाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता दुसरी गोष्ट, ती भाच्याच्या टॅक्सची. 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला आयकर द्यावा लागत नाही. पगारदाराला वर पाऊण लाखाची वजावट आहे. भाच्याचा पगार मला ठाऊक आहे. इथे सांगत नाही, पण तो बारा लाख नाही. मग साहेब, तुमच्या पगारातून कोणता टॅक्स जातो? मी त्याला त्याची पे-स्लिप आणायला सांगितली. एकच ओळ सापडली. व्यवसाय कर, महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. बाकी जो काही कर तो भरतो, तो त्याच्या आईसारखाच दुकानात भरतो.

ह्या व्यवसाय कराची हकीकत मी सांगितलीच पाहिजे, कारण माझं अर्थशास्त्र ह्याच ओळीपासून सुरू झालं.

1986 साली, अठराव्या वर्षी, मी लालबागच्या एका गिरणीत बदली म्हणून लागलो. 1982 चा संप होऊन गेला होता, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले होते, त्यात माझे वडीलही होते. बदली म्हणजे सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. साचाखात्यात मी लागलो ह्याचं माझ्या आजोबांना फार कौतुक होतं. त्यांच्या तरुणपणी आपल्या माणसाला साच्यावर घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल म्हणून. साच्यावर मजुरी जास्त, आणि तिथेच आपल्याला बंदी. बाबासाहेबांनी हा प्रश्न 1928 च्या गिरणी संपाच्या काळात उघडपणे मांडला होता. असो.

तर पहिली पूर्ण पगाराची चिठ्ठी हातात आली आणि त्यात काही रुपये कापलेले. मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "सरकारचे आहेत, तुला काय करायचंय?" माझ्या बाजूच्या साच्यावर माणदेशातले एक वयस्क कामगार होते, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. चहाला गेलो तेव्हा आबा म्हणाले, "पोरा, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. ते पैसे माझ्या गावच्या बांधावर जातात."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या गावात विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं बाजारात कवडीमोल गेली. त्यांची बहीण पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला आणि खडी फोडायला जात होती. ज्याला काम पाहिजे त्याला सरकारने काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे ह्यांनी लावून धरली. पण मजुरीचा पैसा कुठून आणायचा? तेव्हा महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरात ज्याला पगार मिळतो, धंदा आहे, त्याने थोडं द्यायचं, आणि त्यात शासनाने आपला वाटा घालायचा. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पुढे 2005 साली केंद्राने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचंच उदाहरण समोर होतं.

म्हणजे गिरणगावातल्या कामगाराच्या चिठ्ठीतून निघालेला रुपया माणच्या तलावावर खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात पडत होता. मध्ये कुणाचं दान नाही, कुणाचा उपकार नाही. तिने काम केलं, तिने मजुरी घेतली. त्या वेळी घटनेप्रमाणे हा कर वर्षाला अडीचशेच्या वर घेता येत नसे, 1988 साली घटनादुरुस्तीने मर्यादा अडीच हजार झाली. त्यानंतर बरीच वर्षं अशीही टीका होत आली की जमा होतो तेवढा पैसा रोजगार हमीवर खर्ची पडत नाही. ती खरीच आहे, आणि ती करणं आपलंच काम होतं. आपण केलं नाही.

भाच्या, तू जो टॅक्स भरतोस म्हणतोस तो हाच. लोकांनी खाल्ला म्हणतोस तो पैसा तलावात गेला आहे. जाऊन बघ, माणमध्ये अजून पाणी धरतात ते तलाव.

माझी गिरणी पुढे बंद पडली. गिरण्या का पडल्या ह्यावर एक स्वतंत्र भाषण होईल. पण करांचा त्यात हात होता एवढं लक्षात ठेवा. गिरणीच्या कापडावर उत्पादन शुल्क जास्त आणि यंत्रमागाला सवलत, असं वर्षानुवर्षं चाललं. मालकाने कापड भिवंडीत विणून घ्यायचं आणि गिरणीची जागा मोकळी करायची, हे त्याला परवडायला लागलं. करातून धंदा जगवता येतो, आणि मारताही येतो. 1991 साली डॉ. मनमोहन सिंगांनी 24 जुलैला अर्थसंकल्प मांडला, आयात शुल्काची कमाल मर्यादा 150 टक्क्यांवर आणली आणि मग दरवर्षी ती उतरत गेली. न्हावा शेवा बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं होतं. शुल्क उतरलं तसे कंटेनर वाढले. आज वर्षाला सत्तर लाखांच्या वर कंटेनरची मोजदाद होते. माझी नोकरी जाणं आणि भाच्याला नोकरी लागणं, दोन्हीला तेच धोरण कारणीभूत आहे. मी नुसता रडगाणं गाणारा नाही, बंदराने आपल्या पोरांना काम दिलं. पण गिरणीत पास होता, पी.एफ. होता, ग्रॅच्युइटी होती. यार्डात आहे तो ठेकेदार. मी स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी तळोज्याच्या रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडेच आहे.

तेव्हा शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने मी इकडे येत असे. आता शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंत अटल सेतू झाला आहे, जानेवारी 2024 पासून. भाच्याला मोठा अभिमान त्याचा. फक्त त्याच्याकडे मोटरसायकल आहे, आणि त्या पुलावर मोटरसायकलला परवानगी नाही! (हशा)

आता बाबासाहेब. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, उद्धारक म्हणतो, पण ते मुळात अर्थशास्त्राचे डॉक्टर होते हे जयंतीच्या बॅनरवर कुणी लिहीत नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 चा, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा 1925 चा. शासनाने जे खंड काढले त्यांतला दुसरा खंड मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. वर्ष लागलं. त्यात 1927 सालचं मुंबई कायदेमंडळातलं अर्थसंकल्पावरचं भाषण आहे. नुकतेच ते सभासद झाले होते. ते विचारतात त्याचा मतलब असा: ज्याचं उत्पन्न ठराविक रकमेच्या खाली आहे त्याला आयकर माफ आहे. मग ज्या शेतकऱ्याकडे एक-दोन एकर आहे, पीक येवो न येवो, त्याच्याकडून सारा का घेता? कमावणाऱ्याला सूट आणि न कमावणाऱ्याला वसुली, हा कुठला न्याय?

बघा, प्रश्न कराचा आहे, पण मोजमाप माणसाच्या ऐपतीचं आहे. आज सारा नगण्य झाला, तो प्रश्न आता किराण्याच्या दुकानात येऊन बसला आहे. साबणाच्या वडीवर टॉवरमधल्या साहेबाला जेवढा कर, तेवढाच त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला. दुसरीकडे संपत्ती कर होता तो 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वारसाहक्काच्या मालमत्तेवरचा कर 1985 सालीच गेला. 2019 साली कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. त्याने गुंतवणूक येते असं सांगतात, येतही असेल, मी नाकारत नाही. मी फक्त विचारतो की ह्या सवलती कुणी खाल्ल्या म्हणायच्या?

आपल्या रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारपणाखाली कुळांनी 1933 ते 1939 संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या, उपासमार सोसली. बाबासाहेब 1934 साली तिथे आले. 1937 साली त्यांनीच खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आगरी कुळं आणि आपले मजूर तेव्हा एका मोर्चात होते. आज निवडणुकीत एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. 1984 साली जानेवारीत बंदराच्या आणि सिडकोच्या जमिनींसाठी दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, जासईला आणि इथे गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले, त्याच्यातूनच साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. त्या हुतात्म्यांना वंदन. पण भरपाई सातबारा बघून मिळते. ज्याने पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात आणि आगरात घाम गाळला आणि ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही, त्याच्या वाट्याला साडेबारा टक्के कशाचे येणार? आमचं घर त्यातलंच.

आणि आता मीठ. इंग्रजांचा मिठावरचा कर 1947 साली उठला. सगळ्यांना आनंद झाला. 1954 साली बाबासाहेबांनी राज्यसभेत काय सुचवलं माहीत आहे? मिठावर पुन्हा थोडा कर बसवा, त्याला गांधीजींच्या नावाचा निधी म्हणा, आणि तो पैसा अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी, त्यांना जमिनीवर बसवण्यासाठी खर्च करा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दचकलो. गरिबाच्या मिठावर कर, आणि बाबासाहेब म्हणतात? पण विचार केल्यावर कळलं. कर वाईट असतो की चांगला असतो, हे तो कुठून येतो एवढ्यावर ठरत नाही. कुठे जातो हेही बघावं लागतं. थेंब थेंब सगळ्यांनी द्यायचा, आणि ज्याला पिढ्यान्पिढ्या काहीच मिळालं नाही त्याच्या पायाखाली जमीन आणायची. मला आजही ती सूचना पूर्ण पटलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ताईच्या मिठावर कर नको असंच मला वाटतं. पण त्यामागचा हिशेब शिकण्यासारखा आहे.

भन्तेजी बसले आहेत, चुकलो तर सांभाळून घ्या. दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो, महाराज, राज्यात चोऱ्या-लुटमार आहे, अशा वेळी नवा कर लावाल तर ते अयोग्य होईल. चोरांना मारून, बांधूनही हे संपणार नाही. त्यापेक्षा शेती करणाऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, नोकरी करणाऱ्याला वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागतील, तिजोरीही भरेल. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट मी एका करसल्लागाराला ऐकवली, तर तो म्हणाला, हे कोणत्या कमिटीच्या रिपोर्टात आहे?

आता आपल्या दारातलं बोलतो, मग थांबतो. बंदरामुळे आपल्या भागातल्या काही ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामं आली, यार्ड आले, त्यांची घरपट्टी येते. नियम असा आहे की ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे. जिल्हा परिषदेला 20 टक्के. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? हात वर करा. (चार-पाच हात.) मलाही पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. एका ग्रामपंचायतीत, नाव घेत नाही, मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तीन वर्षांचा खर्च मागितला. उत्तर आलं, तीनही वर्षं समाजमंदिराची रंगरंगोटी. तुम्ही ते समाजमंदिर बघितलं आहे. रंग एकदाच लागला आहे, तोही दर्शनी भिंतीला. मी ग्रामसभेत उभा राहिलो. तिथे आपल्या वस्तीतले किती होते? मी, आणि पाणी प्यायला आलेला एक पोरगा. ठराव काही झाला नाही. दुसऱ्या ग्रामसभेला ताई आली, तिच्याबरोबर बचत गटाच्या अकरा बायका आल्या. त्या वर्षी वस्तीतल्या गटाराला झाकणं बसली. सगळी नाही, अर्धी. उरलेल्या अर्ध्यांसाठी पुढची ग्रामसभा आहे.

वरच्या पातळीवरही हेच. अनुसूचित जातींसाठी राज्याच्या योजनेतला वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे 11.8 टक्के ठेवायचा, हे तत्त्व मान्य आहे. पण ठेवायचा म्हणजे ठेवलेला राहतो असं नाही. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. भगिनींनो, रागावू नका. इथे बसलेल्या निम्म्या भगिनींना ते दीड हजार मिळतात, आमच्या घरातही मिळतात, आणि त्या पैशाने गॅस भरला जातो हे मला माहीत आहे. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात आईला दीड हजार मिळतात, त्याच घरातल्या मुलाचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती त्या विभागाकडून येते. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचे आणि दोन्ही वेळा उपकार सांगायचा, हे हिशेबात बसत नाही. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने 2013 साली हा निधी बांधून ठेवायला कायदा केला. आपल्याकडेही तशा कायद्याची मागणी होत आली आहे. त्या मागणीच्या निवेदनावर सह्या घेण्यासाठी बाहेर टेबल लावलं आहे. सही करण्यापूर्वी वाचा. माझ्या सांगण्यावरून करू नका.

घटना समितीत बाबासाहेबांनी महालेखापालाला, म्हणजे सरकारचा हिशेब तपासणाऱ्याला, घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. न्यायाधीशांपेक्षाही त्याचं काम मोठं असं त्यांचं मत होतं. तेव्हा दुसऱ्याचा हिशेब मागण्याआधी आपला दाखवावा म्हणून समितीच्या परवानगीने मी एक काम केलं आहे. विहाराचा गेल्या वर्षीचा जमाखर्च, वर्गणी कुणाची किती, मंडपाला किती, खिरीला किती, सगळा बाहेरच्या फळ्यावर लावला आहे. भाच्याने तपासून दिला. त्याला एक चूक सापडली, तीनशे चाळीस रुपयांची, ती माझीच होती. जाताना वाचा, आणखी सापडली तर मला सांगा.

जयभीम.